नेट गेलं की डायनासोर येतो

आमगाव तालुक्यातलं एक गाव. जुलै लागलाय, रोवणी जोरात आहे, त्यामुळे आठवीचा निम्मा वर्ग मायबापासोबत बांधीत. उरलेली पोरं संगणक खोलीच्या दारात चपला काढतायत. मी वाचनालयाला पुस्तकं द्यायला आलोय. मुख्याध्यापक बाहेर गेलेत म्हणून सरांनी मला मागच्या स्टुलावर बसवून ठेवलंय.

संगणक दहा, चालू सहा. एकेकासमोर तीन-तीन डोकी. मधल्याच्या हाती माऊस, कडेचे दोघे नुसती बोटं दाखवतात. आजचा पाठ, वर्डमध्ये तक्ता काढणे.

सरांची पाठ फिरते. खिडकीजवळच्या पोराचा हात टेबलामागे जातो आणि नेटची निळी वायर बाहेर येते. क्रोममध्ये काहीतरी खरडून तो एंटर मारतो.

"सर, नेट गेला जी!"

पडद्यावर ठोकळ्याठोकळ्यांचा डायनासोर. स्पेस दाबला की निवडुंगावरून उडी. शाळेत गेमच्या साइट बंद आहेत, पण हा गेम साइटवर नाहीच. २०१४ पासून तो ब्राउझरच्याच पोटात बसलाय, नेट नसताना बाहेर येतो. पोरं त्यात इतकी रमली की गूगलला शाळा-कार्यालयांसाठी तो बंद करायची सोय द्यावी लागली. ती सोय वापरायची तर संगणकांचा कारभार नीट बघणारं कुणी हवं. इथला कारभार गोंदियाहून सवडीने येणाऱ्या दुरुस्तीवाल्याच्या हाती.

"जोड बे वायर," सर मागे न पाहता म्हणतात.

तक्ते होतात. विज्ञानही सरांकडेच, म्हणून उरलेल्या वेळात त्यांना हृदयाचे कप्पे दाखवायचेत. यूट्यूबवर एक चांगला व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर पाहून ठेवलाय. ते मोठ्या पडद्याच्या संगणकावर पत्ता टाकतात. साइट उघडत नाही. पुन्हा टाकतात. मागे खुसखुस. यूट्यूब मागच्या वर्षीच बंद करून घेतलंय, सरांनीच सांगून.

सर थोडा वेळ पंख्याकडे बघतात. मग म्हणतात, "बाई, तू ये इकडे."

लाल रिबिनीच्या दोन वेण्या पुढे येतात. "तुम्ही तिकडे पहा जी, सर." आणि सर खरंच खिडकीबाहेर पाहू लागतात.

मी मात्र तिच्या खांद्यावरून बघतो. ती नोटपॅड साधं उघडत नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडते. अडवायला कुणी नाही, कारण सगळे संगणक त्याच खात्याने सुरू होतात आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटपट्टीने लावलाय. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. फोल्डर रिकामं दिसतं. ती खाली 'ऑल फाइल्स' करते आणि होस्ट्स नावाची फाइल वर येते. शेवटच्या दोन ओळींत १२७.०.०.१ आणि पुढे यूट्यूबचा पत्ता, एकदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट, एकदा त्याशिवाय. हा आकडा म्हणजे संगणकाचा स्वतःचाच पत्ता. यूट्यूब मागितलं की बिचारा स्वतःचंच दार ठोठावत बसतो.

ती दोन्ही ओळींच्या आधी एकेक हॅश टाकते. हॅशपुढचं संगणक वाचत नाही. सेव्ह. झालं.

"कुठे शिकलीस?" मी विचारतो.

"मामाचं ऑनलाइनचं दुकान आहे जी, आमगावले."

होस्ट्स फाइल काही आजच्या पाठात नव्हती. पण या तासात कुणी खरा संगणक शिकलं असेल, तर ते तक्त्यापाशी नाही.

पोरं खाली बसतात. व्हिडिओ अडखळत सुरू होतो, स्पीकर बंद आहे, त्यामुळे हृदयाचा आवाज सर स्वतः काढतात. लब-डब, लब-डब. निळं रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे, तांबडं डावीकडे परत. डायनासोरवाल्याचंही तोंड उघडं.

घंटा होते. ती मुकाट्याने नोटपॅड उघडते, हॅश पुसायला. तिकडं बघा म्हणून यावेळी सांगावंही लागत नाही.

दारात शेजारच्या वर्गाचे सर. "नववीलेही दाखवाचं होतं. ती पोरगी मोकळी आहे का?"

ती माऊस धरूनच आपल्या सरांकडे वळते. "काढू का राहू देऊ जी?"

सर घड्याळ बघतात. "नववीचा तास होऊ दे. मग काढजो."