लंढौरची वुडस्टॉक : परदेशी मुलांची पहाडी शाळा

मसुरीच्या मॉल रोडवर पोहोचलेला मराठी पर्यटक सहसा केम्पटी धबधब्याकडे वळतो. त्याच्या नेमक्या उलट दिशेला, पिक्चर पॅलेसच्या पलीकडून लंढौर बाजाराचा अरुंद रस्ता वर चढत जातो. घंटाघर मागे पडले, मलिंगारची दमछाक करणारी चढण संपली, की दुकाने विरळ होतात आणि देवदार दाट होतात. या डोंगराच्या दून खोऱ्याकडे तोंड करून असलेल्या उतारावर, साधारण दोन हजार मीटर उंचीवर, बांज आणि बुरांशच्या सुमारे अडीचशे एकर जंगलात वुडस्टॉक ही शाळा वसली आहे. स्थापना १८५४ची. म्हणजे सत्तावन्नचा उठाव व्हायच्या आधी तीन वर्षे.

लंढौर हे मुळात लष्कराचे ठाणे. १८२०च्या दशकात आजारी गोऱ्या सोजिरांना हवापालट म्हणून इथे आणून ठेवत. सोजिरांपाठोपाठ त्यांचे चर्च आले, आणि चर्चपाठोपाठ मिशनरी. शाळा सुरू झाली ती प्रॉटेस्टंट मुलींसाठी. शिकवायला इंग्लंडहून बायका आल्या, त्या पूर्वेकडील देशांत स्त्रीशिक्षणाचे काम करणाऱ्या एका लंडनच्या संस्थेमार्फत. पण इंग्लंडची ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनने शाळा ताब्यात घेतली आणि पुढचे शतकभर वुडस्टॉकची ओळख ‘अमेरिकन शाळा’ अशीच राहिली. याच मिशनची मंडळी आपल्याकडे कोल्हापूर-सांगली भागात होती. डॉ. वॉनलेस यांनी १८९४मध्ये उभारलेले मिरजेचे मिशन हॉस्पिटल त्यांचेच.

अशी शाळा का लागली, हे समजायला मिशनरी कुटुंबाची अडचण समजून घ्यावी लागते. नवरा-बायको रुरकी, सहारनपूर किंवा पंजाबातल्या एखाद्या कसब्यात दवाखाना नाहीतर शाळा चालवत. मूल सहा-सात वर्षांचे झाले की प्रश्न यायचा. त्याला बोटीने मायदेशी पाठवायचे, तर पुन्हा भेट पाच-सात वर्षांनी. जवळ ठेवायचे, तर त्याला मायदेशी कॉलेजात प्रवेश मिळेल असे शिक्षण कुठून आणायचे? शिवाय उन्हाळा, कॉलरा, हिवताप होतेच. मग मधला मार्ग निघाला. डोंगरावर थंड हवेत अमेरिकी अभ्यासक्रमाची निवासी शाळा काढायची. उन्हाळ्यात आया वर येऊन लंढौरच्या बंगल्यांत भाड्याने राहायच्या, मुले काही महिने घरी झोपायची. बापाला महिनाभराची रजा मिळाली तर तोही यायचा. पावसाळा लागला की आईवडील खाली, मुले वसतिगृहात. मोठी सुट्टी हिवाळ्यात. डिसेंबरात शाळा बंद झाली की मुलांचे जथे डेहराडूनला उतरून रेल्वेने उत्तर हिंदुस्थानभर पांगायचे.

हा मार्ग दयाळू होता असे म्हणवत नाही. मायदेशी पाठवण्यापेक्षा बरा होता, एवढेच. सात वर्षांच्या पोराला वर्षातले बरेच महिने आईवडिलांशिवाय काढायला लावणारी ही व्यवस्था होती, आणि ते सारे देवाच्या कामासाठी चालले आहे म्हटल्यावर पोराला तक्रारही करता यायची नाही. आशियात जिथे जिथे मिशनरी गेले तिथे हेच घडले. चीनच्या समुद्रकाठी चीफू इथे १८८१मध्ये अशी शाळा निघाली. कोडाईकनालला १९०१मध्ये मार्गारेट एडी या बाईंनी तेरा मुलांना घेऊन सुरुवात केली. व्हिएतनाममधल्या दालात गावी १९२९मध्ये सुरू झालेली शाळा युद्धामुळे उठून बँकॉकला, तिथून मलेशियात गेली. आज ती पेनांगला आहे आणि नाव अजून दालातच लावते. फाळणीनंतर पाकिस्तानात राहिलेल्या मिशनऱ्यांनी १९५६मध्ये मरीच्या डोंगरात आपली वेगळी शाळा काढली. ती २०२१मध्ये बंद पडली. या सगळ्यांत वुडस्टॉक सर्वांत जुनी.

आज दिसणारे वुडस्टॉकचे रूप बरेचसे १९२२ ते १९३९ या काळातले प्राचार्य अॅलन पार्कर यांच्या कारकिर्दीत घडले. शाळेचे सभागृह त्यांच्याच नावाने पार्कर हॉल म्हणून ओळखले जाते. संगीत हा इथला जुना नाद. दुसरा नाद डोंगराचा. वसतिगृहातून वर्गात जायचे तरी चढ, वर्गातून जेवायला जायचे तरी उतार. धुळीत मळल्याशिवाय विजय नाही अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद शाळेने घेतले आहे. पावसाळ्यात इथल्या पायवाटांवरून दप्तर घेऊन चढणारा मुलगा म्हणेल की धूळ कसली, चिखल म्हणा. रॉबर्ट फ्लेमिंग नावाचे विज्ञानशिक्षक याच डोंगरात पक्ष्यांच्या मागे लागले, १९४९मध्ये पक्षी शोधायला नेपाळात शिरले आणि तिथे दवाखान्याची किती गरज आहे ते पाहून आले. नेपाळचे दार तोवर परदेशी मिशनरींना बंद होते. काही वर्षांतच काठमांडूत मिशनचे रुग्णालय उभे राहिले, आणि त्यात फ्लेमिंग यांच्या डॉक्टर पत्नीचा मोठा वाटा होता.

गंमत अशी की अमेरिकन मिशनने ही शाळा चालवली होती मुले अमेरिकन राहावीत म्हणून. हेतू पुरता फसला, आणि माझ्या मते वुडस्टॉकचे मोठेपण या फसण्यातच आहे. जॉन आणि रूथ यूसीम या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९५०च्या दशकात भारतातल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला. ‘थर्ड कल्चर किड्स’ ही आज जगभर चाललेली संज्ञा त्यातून निघाली. आईवडिलांचा देश आपला वाटत नाही आणि वाढलो तो देश आपला म्हणत नाही, अशी ही मुले. वुडस्टॉकमधून अमेरिकेला गेलेल्या कित्येकांना तिथे गेल्यावर कळले की आपण तिथले नाही. काहींनी मग परतीची वाट धरली.

टॉम ऑल्टर हे त्यातले आपल्या ओळखीचे नाव. जन्म १९५०चा, मसुरीचाच. आजी-आजोबा १९१६मध्ये ओहायोहून आलेले. फाळणीत घरही फाळले, आजी-आजोबा पाकिस्तानात आणि आईवडील भारतात. वुडस्टॉकमध्ये शिकून टॉम अमेरिकेला गेला, रमला नाही, परत आला. जगाधरीत मास्तरकी करताना ‘आराधना’ पाहिला आणि राजेश खन्ना व्हायचे म्हणून १९७२मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. पडद्यावर त्याला बहुधा क्रूर गोरा साहेबच करावा लागला. रंगभूमीवर मात्र हाच माणूस मौलाना आझाद होऊन अस्खलित उर्दूत तास-दोन तास प्रेक्षकांना धरून ठेवायचा. सचिन तेंडुलकर पंधरा वर्षांचा असताना, भारतीय संघात येण्याआधी, कॅमेऱ्यासमोर त्याची मुलाखत घेणाराही तोच. त्याचा चुलतभाऊ स्टीफन ऑल्टर इंग्रजीतला नावाजलेला लेखक. स्टीफनचे वडील याच शाळेचे प्राचार्य होते.

महाराष्ट्राने खरे तर दुसऱ्या एका विद्यार्थ्याची अधिक आठवण ठेवायला हवी. कार्ल टेलर हे डॉक्टर मिशनरी दांपत्याचे चिरंजीव, याच शाळेत वाढलेले. पुढे अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभारला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे शिकून आले आणि १९७०मध्ये त्यांनी जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. टेलर त्यांचे गुरू. प्राथमिक आरोग्याचा विचार जगासमोर मांडणाऱ्या १९७८च्या आल्मा-आता जाहीरनाम्याच्या घडणीत टेलर अग्रभागी होते. खेड्यातली कमी शिकलेली बाई आरोग्यसेविका होऊ शकते ही गोष्ट जामखेडने सिद्ध केली. त्या विचाराचा एक धागा लंढौरच्या या उतारापर्यंत येतो.

भारतीय मुलांना इथे बराच काळ जागा बेताचीच होती. अशा मोजक्यांत विजयालक्ष्मी पंडित यांच्या मुली होत्या. त्यांतल्या लेखिका नयनतारा सहगल १९४३मध्ये इथले शिक्षण पूर्ण करून थेट अमेरिकेला कॉलेजात गेल्या. त्यांचे वडील रणजित पंडित कोकणातून जाऊन राजकोटला स्थिरावलेल्या घराण्यातले. ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकार. स्वातंत्र्यलढ्यातल्या तुरुंगवासाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १९४४च्या जानेवारीत ते गेले. या कन्येला २०१९मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे निमंत्रण दिले आणि मग मागे घेतले. तो प्रकार मराठी वाचक विसरला नसेल, विसरूही नये.

आता मिशनऱ्यांची मुले इथे थोडीच उरली आहेत. भारतीय मुले, परदेशी राजदूतावासांत आणि कंपन्यांत काम करणाऱ्यांची मुले, अनिवासी भारतीयांची मुले, असे सगळे मिळून सुमारे पाचशे विद्यार्थी. अमेरिकी अभ्यासक्रमाच्या जागी आंतरराष्ट्रीय बॅकॅलॉरिएट आला आहे. ख्रिस्ती मूळ शाळा लपवत नाही, पण वर्गात सर्व धर्मांची मुले बसतात. वर्षाची फी मात्र अनेक लाखांच्या घरात, आणि इथे मला शाळेचे कौतुक आवरते घ्यावेसे वाटते. खेड्यातल्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली शाळा श्रीमंतांची झाली, हा बदल शिष्यवृत्त्यांनी झाकला जात नाही.  

शाळेचे आवार पर्यटकांसाठी खुले नाही. आत जायचे तर आधी लिहून परवानगी घ्यावी. पण डोंगरमाथ्याची फेरी कोणालाही करता येते. ‘चार दुकान’ नावाच्या ठिकाणाजवळचे सेंट पॉल चर्च पाहा. जिम कॉर्बेटच्या आईवडिलांचे लग्न इथे लागले होते. केलॉग चर्चमध्ये मिशनऱ्यांना हिंदी शिकवणारी भाषाशाळा अजून चालते. मिशनरी बायकांनी इथे रुजवलेले शेंगदाण्याचे लोणी सिस्टर्स बाजारच्या दुकानात आजही मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. सूर्यास्ताला मैदानाच्या वर क्षितिजाशी जी दुसरी आडवी रेघ दिसते, तिला इथे विंटरलाइन म्हणतात. मसुरी डेहराडूनहून पस्तीस किलोमीटर. पिक्चर पॅलेसपाशी गाडी सोडा आणि पुढे पायी चढा. लंढौर बाजारात दोन गाड्या समोरासमोर आल्या की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.