कर-विवरण स्थिती, विवाहित दांपत्याची
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघीय प्राप्तिकराच्या आकारणीसाठी करदात्याची वैवाहिक व कौटुंबिक परिस्थिती दर्शविणारा वर्ग. करदरांचे टप्पे, प्रमाण वजावट व करसवलतींची पात्रता या स्थितीवर अवलंबून असते. अविवाहित, संयुक्त विवरण देणारे विवाहित, स्वतंत्र विवरण देणारे विवाहित, कुटुंबप्रमुख आणि पात्र हयात जोडीदार असे तिचे पाच प्रकार आहेत. ३१ डिसेंबर रोजी असलेली वैवाहिक स्थिती सर्वसाधारणपणे संपूर्ण वर्षासाठी ग्राह्य धरतात.

१९१३ च्या कायद्यात व्यक्ती हाच आकारणीचा घटक होता. तथापि काही राज्यांच्या कायद्यांनुसार विवाहोत्तर कमाई उभयतांच्या सामाईक मालकीची मानली जात असे. तेथील पतिपत्नींना प्रत्येकी निम्मे उत्पन्न दाखविण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने १९३० मध्ये दिली. परिणामी समान उत्पन्न असूनही इतर राज्यांतील दांपत्यांवर अधिक कर पडू लागला. ही विषमता १९४८ च्या कायद्याने दूर केली. पुढे १९६९ च्या कायद्याने अविवाहितांचा करभार हलका केल्यावर, जवळजवळ सारखे मिळविणाऱ्या दोघांचा कर विवाहानंतर वाढू लागला. यालाच ‘विवाह-दंड’ म्हणतात. २०१७ च्या कायद्याने बहुतेक टप्पे विवाहितांसाठी दुप्पट केल्याने तो बराच घटला.

वेतनातून करकपात करण्याची सध्याची पद्धत १९४३ पासून रूढ आहे. कर्मचाऱ्याने डब्ल्यू-४ या प्रपत्रात दिलेल्या माहितीवरून मालक कपात ठरवितो. त्याला जोडीदाराच्या वेतनाची कल्पना नसते. उदा., पतिपत्नींचे वेतन प्रत्येकी ६०,००० डॉलर असून दोघांनीही केवळ ‘विवाहित, संयुक्त’ एवढेच नोंदविले, तर दोन्ही मालक ३२,२०० डॉलरांची संपूर्ण संयुक्त वजावट गृहीत धरतात. २०२६ च्या दरांनुसार अशी एकूण कपात ५,६८० डॉलर, तर प्रत्यक्ष कर १०,०४० डॉलर होतो. ४,३६० डॉलरांची तूट विवरणाच्या वेळी भरावी लागते व तिच्यावर दंडही बसू शकतो. प्रपत्रातील दोन नोकऱ्यांविषयीच्या चौकटीत दोघांनीही खूण केल्यास ही तूट राहत नाही. कपात हा केवळ आगाऊ भरणा असतो. अंतिम कर विवरणावरून ठरतो.

वजावट उत्पन्नातून, तर करसवलत प्रत्यक्ष करातून वजा होते. स्वतंत्र विवरण देणाऱ्यांना उच्च शिक्षणाच्या खर्चाची सवलत मिळत नाही. अल्प उत्पन्नाच्या श्रमिकांची सवलतही, विभक्त राहणाऱ्या काहींचा अपवाद वगळता, मिळत नाही. अपत्यांसाठीची सवलत संयुक्त विवरणात ४,००,००० डॉलर व इतर स्थितींत २,००,००० डॉलर उत्पन्नानंतर कमी होत जाते.

संयुक्त विवरणाने कर सामान्यतः कमी होत असला, तरी संपूर्ण कराची जबाबदारी प्रत्येकावर येते. घटस्फोटानंतरही ती संपत नाही. जोडीदाराच्या लबाडीची माहिती नसलेल्या व्यक्तीस दिलासा मागता येतो. म्हणून अधिक कर पडत असूनही काही दांपत्ये स्वतंत्र विवरण पसंत करतात.

भारतात पतिपत्नींची आकारणी स्वतंत्रपणे होते व संयुक्त विवरणाची तरतूद नाही. त्यामुळे अमेरिकेत नोकरीस गेलेल्या भारतीय कुटुंबांना ही पद्धत अपरिचित असते. एक जोडीदार करदृष्ट्या अनिवासी असल्यास त्याला निवासी मानण्याचा विकल्प घेऊन संयुक्त विवरण देता येते. मात्र मग भारतातील व्याज, भाडे इ. धरून उभयतांचे जगभरातील उत्पन्न अमेरिकेत आकारणीस पात्र ठरते.