आम्लवर्षा आणि वऱ्हाडची काळी माती

आकाशांतून पडणारें पाणी सर्वांत निर्मळ, अशी आपली जुनी समजूत आहे. ती आज कितपत खरी उरली आहे, हें पाहूं.

पाऊस मुळांतच किंचित् आम्ल असतो; कारण हवेंतील कर्बवायु त्यांत विरघळतो. शुद्ध पाण्याचा सामू 7, तर स्वच्छ पावसाचा सुमारें 5.6 असतो. हा आंकडा जितका उतरेल तितकी आम्लता वाढते. 1872 सालीं रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाच्या ग्रंथामुळें ‘आम्लवर्षा’ हें नांव रूढ झालें.

हें आम्ल येतें कोठून? दगडी कोळसा जळतांना त्यांतील गंधकाचा वायु होतो. मोटारींच्या एंजिनांतील प्रखर उष्णतेनें हवेंतील नत्र व प्राणवायु यांचा संयोग होतो. ढगांतील पाण्याशीं मिळून त्यांपासून गंधकाम्ल व नत्राम्ल बनतें. अशा पावसानें नॉर्वे-स्वीडनमधील कित्येक सरोवरांतील मासे नाहींसे झाले.

आपल्याकडेही अकोल्यानजीक पारस येथें व अमरावतीनजीक नांदगांवपेठ येथें कोळशावर चालणारीं वीजकेंद्रें आहेत. मग आपलीं शेतें व तळीं कशीं बचावलीं? एक तर भारतीय कोळशांत गंधक कमी. दुसरें, आपल्या काळ्या मातींत चुनखडी आहे. तिची धूळ हवेंत मिसळून आम्ल मारते; आंबट ताकांत चिमूटभर सोडा घालावा, तसें.

परंतु या संरक्षणावर विसंबून चालणार नाहीं. हवामान खात्यानें 1987 ते 2021 या काळांत नागपूर व पुणें धरून दहा ठिकाणीं पावसाचें पाणी तपासलें. बहुतेक ठिकाणीं आम्लता वाढत असल्याचें दिसलें. शिवाय हे वायु पावसाची वाट पाहत नाहींत; ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसांत शिरतात, आणि तेथें चुनखडी नाहीं. उलट, जी धूळ पावसास सौम्य करते, तीच दमेकऱ्यास जाचते.

केंद्र सरकारनें डिसेंबर 2015 मध्यें वीजकेंद्रांच्या गंधकवायूस मर्यादा घातली. जुलै 2025 मध्यें बहुतेक केंद्रांस तींतून सूट दिली. कोळशांत गंधक कमी, हेंच त्याचें एक कारण सांगण्यांत आलें. म्हणून नागरिकांनींच जागरूक राहावें. प्रदूषण नियंत्रण मंडळ अमरावती व अकोला येथें हवा तपासतें. पर्जन्यमानाप्रमाणें तेही आंकडे आपण पाहत जावे, आणि निदान आपल्या अंगणांतील पालापाचोळा व कचरा जाळूं नये.