टर्बोगाडीचे तेल : निवड आणि निगा

केरीच्या धक्क्यावरून तेरेखोलकडे जाणारी फेरीबोट सुटावयाच्या बेतात असली, म्हणजे एक दृश्य आम्ही नेहमी पाहतो. दुरून एखादी मोटार भरधाव येते, बोटीवर चढते, आणि चढताक्षणीच चालक किल्ली फिरवून इंजिन बंद करतो. बोट गाठल्याचे समाधान त्याच्या मुद्रेवर उमटते; पण ती गाडी टर्बोची असेल, तर तिच्या तेलाची खरी कसोटी त्याच क्षणी सुरू होते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांचा संसार टॅक्सीवर चालतो. ऐन पर्यटनाच्या हंगामात त्यांच्या गाडीचा टर्बो निकामी झाला. मेकॅनिकने तेलाची बारीक नळी उघडून दाखविली, तेव्हा ती कोळशासारख्या काळ्या थराने बुजत आली होती. स्वस्त मिळाले म्हणून भरलेले तेल आणि रोजची घाई, या दोहोंचे ते फळ होते. ती नळी पाहूनच हा विषय मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. त्या धुराच्या जोराने एक लहान चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची, अशी ही युक्ती आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. हवा अधिक मिळाली की इंधनही अधिक जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. पुण्याजवळ रांजणगावी तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन अवघे १.२ लिटरचे आहे, तरी टर्बोच्या बळावर ते घाट सहज चढते.

परंतु हा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. म्हणजे सेकंदाला अडीच हजार! पेट्रोलगाडीत त्याच्या एका टोकाकडील धुराचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. बहुतेक गाड्यांत त्याला आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ पापुद्र्याचा. घर्षण टाळणे आणि उष्णता वाहून नेणे, ही दोन्ही कामे तेलच करते. इंजिन बंद होताच तेलाचा पंप थांबतो; मात्र तापलेल्या चक्राची उष्णता आत झिरपतच राहते. तेथे अडकलेले तेल करपते आणि त्याचा कोळसा होतो. साध्या खनिज तेलापेक्षा सिंथेटिक तेल हा ताप अधिक काळ सोसते. म्हणून टर्बोगाडीस बहुधा तेच सांगितलेले असते.

आता डब्यावरील आकड्यांकडे वळू. थंडीत खोबरेल थिजते आणि तव्यावर पडताच पातळ होते, हे आपण स्वयंपाकघरात पाहतोच. ‘५डब्ल्यू-३०’ यातील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवितो व दुसरा १०० अंशांवरील दाटपणा. गोव्यात कडाक्याची थंडी नाही, तेव्हा पहिल्या आकड्याशी आपणांस काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण सकाळी इंजिन सुरू होताच टर्बोपर्यंत तेल लवकर पोचावयास हवे, आणि हा आकडा लहान असेल तर ते लवकर पोचते. ‘आपला मुलूख उष्ण, म्हणून तेल दाट घालावे’ हा समजही खरा नव्हे. गाडीच्या पुस्तिकेत जे आकडे दिले असतील तेच प्रमाण मानावेत.

आकड्यांइतकाच दर्जाही महत्त्वाचा. लहान टर्बो-पेट्रोल इंजिनात कमी वेगावर जास्त भार पडला, तर तेलाचा एखादा थेंब ठिणगीपूर्वीच पेट घेतो आणि त्या धक्क्याने दट्ट्या फुटूही शकतो. हा धोका आवरण्याची चाचणी ज्यात आहे, तो ए.पी.आय. संस्थेचा ‘एस.पी.’ दर्जा २०२० साली आला. तो किंवा त्यानंतरचा दर्जा पाहून घ्यावा. डिझेलगाडीचा विचार निराळा. २०२० च्या बी.एस.-६ नियमांनंतर तिच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. तेलातील राख त्या गाळणीत साचून राहते, म्हणून तेथे कमी राखेचे तेल लागते.

गिअरपेटीचे तेल ही तर स्वतंत्रच बाब आहे. टर्बोमुळे कमी वेगावरही पिळाचा जोर वाढतो आणि तो सारा दातांवर येतो. हाताने बदलावयाच्या गिअरपेटीत ‘जीएल-४’ सांगितले असता ‘जीएल-५’ मोठा आकडा म्हणून घालणे हा मोह आहे. जीएल-५ मधील गंधकयुक्त द्रव्ये दातांना जपतात; पण त्यांतील काही गिअर जुळविणाऱ्या पितळी कड्यांना झिजवितात. स्वयंचलित पेट्यांचे प्रकार अनेक, आणि प्रत्येकाचे तेल वेगळे. एकाचे दुसऱ्यात चालत नाही.

राहिली निगा. पावसाळ्यात टॅक्सी पुष्कळदा उभीच असते किंवा जवळच्या फेऱ्या करते. इंजिन पुरते तापत नाही आणि दमट हवेतील पाणी तेलात साचते. यास्तव तेल बदलताना किलोमीटर आणि महिने, यांपैकी जे आधी भरेल ते पाळावे. आंबोलीचा घाट चढून धबधब्यापाशी थांबणाऱ्यांनी इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवून मग बंद करावे. फेरीबोटीवर तशी सोय नसते. म्हणून धक्क्याकडे येणारा शेवटचा किलोमीटर सावकाश यावे.

तेलात शेकडा-दोनशे रुपये वाचविण्याच्या नादात आमच्या शेजाऱ्यांची हंगामाची कमाई गेली. ‘तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण त्यांनी स्वतःच हसत हसत आम्हांस ऐकविली. आता ते डबा घेण्यापूर्वी पुस्तिका उघडतात, आणि बोट सुटताना दिसली तरी वेग वाढवीत नाहीत. पुढची बोट येतेच.