संगणकाचा आरंभक्रम : डिस्क की नेटवर्क?

मागील घटकात आपण स्मृतीचे प्रकार पाहिले. कार्यप्रणाली डिस्कवर साठवलेली असते. परंतु डिस्क वाचण्यासाठी एखादी आज्ञावली आधीच कार्यरत असावी लागते. हा पेच मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली छोटी आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, सोडवते. या प्रक्रियेस ‘बूट होणे’ म्हणतात. भाषेच्या अभ्यासकांना यातील गंमत जाणवेल : स्वतःच्याच बुटांचे बंद धरून स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून ‘बूटस्ट्रॅप’ हा शब्द आला आणि ‘बूट’ हे त्याचे संक्षिप्त रूप.

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून हे काम बायोस करीत आले. त्याची रीत साधी, काहीशी आंधळी आहे. क्रमाने पहिल्या असलेल्या डिस्कचा आरंभीचा ५१२ बाइटांचा भाग वाचावयाचा, त्याच्या शेवटी ठरलेली खूण आढळली की तेथील आज्ञांकडे ताबा सोपवावयाचा. त्या आज्ञा कोणी लिहिल्या, ही विचारपूस नाही. नंतर आलेल्या यूईएफआय पद्धतीत फर्मवेअर डिस्कच्या एका विशेष विभागातील फाइली वाचू शकते. कोणती फाइल कोणत्या क्रमाने चालवून पाहावी, याच्या नोंदी मदरबोर्डवर राहतात. ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास फाइलीची डिजिटल स्वाक्षरीही तपासली जाते.

जुन्या रीतीने बसवलेली कार्यप्रणाली केवळ यूईएफआय रीतीवर ठेवलेल्या संगणकात सुरू होत नाही. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की अनेक जुन्या संगणकांची मांडणी मूळ स्थितीवर जाते, घड्याळ चुकते आणि बूट करण्याजोगे साधन नाही, अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. अशा वेळी डिस्क बिघडली असे मानून ती फॉरमॅट करणे म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून घर पाडणे होय. प्रबंधाची वर्षभराची टिपणे अशाच घाईत जातात. प्रथम संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून (कळ कंपनीनुसार बदलते) सेटअप उघडावा. यादीत डिस्कचे नाव दिसत असेल, तर दोष बहुधा क्रमात किंवा रीतीत असू शकतो. काहीही बदलण्यापूर्वी असलेली मांडणी कागदावर उतरवून घ्यावी.

नेटवर्कवरून बूट करण्याची सोय प्रयोगशाळांसाठी मोलाची आहे. चाळीस संगणकांवर एकेक करून कार्यप्रणाली बसवणे कंटाळवाणे असते. पीएक्सई पद्धतीत संगणकाचे नेटवर्क कार्ड संपूर्ण जाळ्याला साद घालते; डीएचसीपी सेवा त्याला पत्ता देते, आरंभीच्या फाइलीचे नाव कळवले जाते आणि टीएफटीपीद्वारे ती फाइल स्मृतीत येते. डिस्क कोरी असली तरी चालते.

मात्र उत्तर देणारा खरा कोण, हे ओळखण्याची सोय मूळ पीएक्सईत नाही. शिवाय नेटवर्क क्रमात कायमचे पहिले ठेवले आणि सर्व्हरवर आपोआप स्थापना करणारी व्यवस्था असली, तर साध्या रीस्टार्टनेही डिस्क पुसली जाऊ शकते. सर्व्हर नसल्यास एवढी हानी नाही. काही काळ वाट पाहून संगणक पुढील साधनाकडे वळतो. म्हणून डिस्क पहिली ठेवावी आणि गरजेपुरता एकवेळचा बूट मेनू वापरावा. पुष्कळ संगणकांत तो एफ-१२ कळीने उघडतो. सिक्युअर बूटची तपासणी नेटवर्कवरून आलेल्या आरंभीच्या फाइलीलाही लागू होते. जुन्या बायोस रीतीत ते संरक्षण मिळत नाही.