रेकॉर्डिंगची लेव्हल किती ठेवावी?

नाशिकच्या घरात आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या असोत की नाशिक ढोल, पहिला प्रश्न एकच: लेव्हल किती ठेवायची?

डिजिटल मीटरवर 0 डेसिबल हे शेवटचं टोक असतं, म्हणून त्याखालचे आकडे उणे असतात. आवाज त्यापलीकडे गेला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. याला क्लिपिंग म्हणतात. नंतर आवाज कमी केला तरी छाटलेला भाग परत येत नाही.

मीटरवर सरासरीपेक्षा पीक, म्हणजे क्षणिक उंची, पाहा. ओवीत या दोन्हींतलं अंतर कमी असतं; ढोलावर टिपरू पडताच पीक एकदम उसळतं. जुन्या व्हीयू मीटरचा काटा स्थिरावायला सुमारे 300 मिलिसेकंद घेतो, त्यामुळे असा फटका तो पूर्ण दाखवत नाही.

आधी सर्वांत मोठ्या आवाजात गाऊन किंवा वाजवून घ्या. पीक उणे 12 ते उणे 6 च्या दरम्यान राहील एवढाच गेन ठेवा. 24 बिटवर रेकॉर्ड केलं, तर थोडी कमी लेव्हल नंतर सहज वाढवता येते.

आजी तीच ओवी पुन्हा तशीच गाईल, याची मात्र खात्री नसते.