आजारी पिलाची शुश्रूषा

बोदवडचा आठवडे बाजार उठला आणि गाड्या आपापल्या गावच्या वाटेला लागल्या, म्हणजे मैदानात भाजीचा पाला, फुटक्या टोपल्या आणि सुतळीचे तुकडे एवढेच मागे उरते. अशा वेळी एखाद्या टोपलीखालून बारीक, चिरका आवाज ऐकू येतो. वाकून पाहावे तर मुठीएवढे मांजराचे पिलू! डोळे चिपडांनी मिटलेले, पोट खपाटीला गेलेले, अंगावरचे केस पिंजारलेले. शाळकरी मुले त्याच्याभोवती गोळा होतात. कोणी म्हणतो, "याला घरी नेऊ या." कोणी दुधाची वाटी आणण्यासाठी धावतच सुटतो. दोघांच्याही मनात दया असते. परंतु आधी काय करावे आणि मागाहून काय करावे हे ठाऊक नसल्यामुळे अशा दयेनेही पुष्कळदा पिलाचा जीव जातो.

पहिला प्रश्न पिलाच्या आईचा. मांजर आपली पिले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा काही मोजून ठरवलेला नाही. पण निरीक्षण मात्र खरे आहे. धोका वाटला की मांजरी एकेक पिलू तोंडात धरून नव्या जागी नेते, आणि तोपर्यंत उरलेली पिले एकटी पडलेली दिसतात. पिलू गुबगुबीत, स्वच्छ आणि शांत असेल, तर ते टाकलेले नाही असे समजावे आणि तास-दोन तास दूर उभे राहून आईची वाट पाहावी. उलट ते थंडगार झाले असेल, सतत रडत असेल अथवा त्याच्या अंगावर मुंग्या चढल्या असतील, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

ते उचलावे कसे, हेही शिकावे लागते. वैष्णव आचार्यांनी भक्तीचे दोन प्रकार सांगताना मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन दृष्टांत वापरले. माकडाचे पोर आपल्या आईला स्वतः घट्ट धरून असते. मांजराचे पिलू मात्र काहीच धरत नाही. आईने मानेला धरून उचलले की ते अंग सैल सोडून निमूटपणे लोंबते. मांजरीच्या दातांना हे कसब साधलेले असते, माणसाच्या बोटांना नाही. म्हणून मानेला न धरता छातीखाली एक तळवा आणि मागल्या पायांखाली दुसरा तळवा देऊन, फडक्यात गुंडाळूनच पिलू उचलावे. घाबरलेले पिलू चावते आणि ओरखडतेही. तसे झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. रागावतील या भीतीने ओरखडा लपवणारी मुले असतात. रेबीज हा रोग एकदा जडल्यावर त्यातून माणूस सहसा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

घरी आणल्यावर पहिले काम दूध पाजण्याचे नव्हे, ऊब देण्याचे. मोठ्या मांजराच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला मात्र आपले तापमान स्वतः राखता येत नाही. त्याला थंडीने कुडकुडतासुद्धा येत नाही. आईच्या पोटाची आणि भावंडांच्या अंगाची ऊब हीच त्याची शेकोटी. ती सुटली की पिलू हळूहळू गारठते, आणि गारठलेल्या शरीरात आतड्यांचे काम मंदावते. अशा पिलाच्या पोटात दूध गेले तर ते पचत नाही, पोट फुगते. त्याला गिळताही नीट येत नसल्यामुळे दुधाचे थेंब श्वासनलिकेत शिरतात. म्हणून पिलाचे पंजे आणि तोंडाचा आतला भाग हाताला कोमट लागेपर्यंत दुधाची वाटी दूरच ठेवावी.

खानदेश हा कापसाचा मुलूख. तेव्हा खोक्यात कापूस भरून त्यात पिलाला ठेवावे, असे कोणालाही सुचेल. पण सुट्या कापसाचे तंतू नखांत अडकतात आणि तोंडात जातात. आजीच्या जुन्या लुगड्याच्या चार घड्या कापसापेक्षा बऱ्या. बाटलीत गरम पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. म्हणजे ऊब अधिक झाली तर पिलाला सरकायला जागा राहते. पाणी निवले की बाटली पुन्हा भरावी, रात्रीसुद्धा. चुलीजवळ किंवा शेगडीजवळ ठेवून पिलाला झटपट तापवू नये. मे महिन्यात मात्र सगळे उलटे होते. जळगाव जिल्ह्यात त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, आणि पत्र्याच्या छपराखालचे खोके भट्टीसारखे तापते. तेव्हा पिलाला माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावे आणि खिडकीला ओले पोते लावावे.

अंग उबदार झाले की मग पाणी आणि अन्न. जुलाबांनी किंवा उपासाने पिलाच्या अंगातील पाणी कमी झालेले असते. त्याच्या हिरड्यांना बोट लावले तर त्या ओलसर न लागता चिकट लागतात. अशा वेळी पशुवैद्य त्वचेखाली सलाइन देतो, किंवा जलसंजीवनी थेंब-थेंब पाजावयास सांगतो. त्यानंतर दूध; पण कोणते? आपल्या घरी येते ते गाई-म्हशीचे. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधातल्यापेक्षा दुपटीहून अधिक असतात. गाईच्या दुधाने पिलाचे पोषण तर पुरेसे होत नाहीच, शिवाय त्यातील दुग्धशर्करा न पचल्यामुळे त्याला जुलाब होतात, आणि आधीच सुकलेले पिलू अधिक सुकते. पिलांसाठी मुद्दाम तयार केलेली दुधाची पूड मोठ्या शहरांतील दुकानांत मिळते. ती येईपर्यंत काय चालवून घ्यावे, हे पशुवैद्याला विचारावे.

दूध कोमट असावे. सुई काढलेल्या छोट्या पिचकारीने ते थेंब-थेंब द्यावे. तान्ह्या बाळाप्रमाणे पिलाला उताणे धरून मात्र कधीही पाजू नये. आईच्या अंगाशी पीत असताना पिलू पोटावर असते. तसेच ते पालथे ठेवावे, मान किंचित वर. डोळे मिटलेले असतील तर पिलू साधारणपणे दहा दिवसांच्या आतले असते. त्याला दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, मध्यरात्री आणि पहाटेही. घरातील माणसांनी पाळ्या वाटून घेतल्याखेरीज हे निभत नाही. चार-पाच आठवड्यांचे पिलू मऊ अन्न स्वतः खाऊ लागते.

मांजराला संस्कृतात 'मार्जार' म्हणतात. हा शब्द 'मृज्' म्हणजे स्वच्छ करणे, पुसणे या धातूपासून आला आहे. आणि ज्याने हे नाव दिले, त्याने मांजराकडे बराच वेळ टक लावून पाहिले असले पाहिजे. मांजरी दिवसातून अनेकदा आपल्या पिलांना चाटते. त्यात केवळ स्वच्छता नसते. पहिल्या तीन आठवड्यांत, तिच्या जिभेच्या स्पर्शावाचून पिलाला लघवी आणि शौचही होत नाही. हे माहीत नसल्यामुळे पोटभर पाजलेले पिलूसुद्धा दगावते. म्हणून प्रत्येक वेळी पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कापडाचा बोळा शेपटीखाली अलगद फिरवावा. आईच्या जिभेचे काम काही दिवस या बोळ्याला करावे लागते.

डोळ्यांची चिपडेही तशीच काढावीत. पाणी उकळून कोमट करावे, आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा. नाक वाहणे, शिंका आणि चिकटलेले डोळे ही बहुधा विषाणूंपासून होणाऱ्या पडशाची लक्षणे असतात. मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की त्याला अन्नाचा वास येत नाही, आणि ते पुढ्यातले अन्नही सोडते. अन्न किंचित कोमट केले तर वास उठतो आणि कधी कधी पिलू जीभ बाहेर काढते.

पिसवा फार असतील तर त्या इतके रक्त पितात की लहान पिलाच्या हिरड्या पांढुरक्या पडतात. अशक्त पिलाला न्हाऊ घातले तर ते पुन्हा गारठते. त्यापेक्षा बारीक दातांची फणी घ्यावी आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. कुत्र्यांसाठीचे पिसवांचे औषध किंवा घरातील कीटकनाशक पिलाच्या अंगाला लावू नये. त्यांतील काही द्रव्ये मांजराला विषासारखी असतात. माणसाची औषधे देणे तर त्याहून घातक. आपल्याला ताप आला तर घेतो त्या पॅरासिटामॉलचे विघटन करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच अल्प असते. एका गोळीने मोठे मांजरसुद्धा मरू शकते.

म्हणून जनावरांचा दवाखाना गाठावाच. मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले ते १८८६ साली. आजही बोदवडसारख्या शेतकऱ्यांच्या गावी दवाखान्यापुढे मांजरापेक्षा बैल, गाई आणि शेळ्याच अधिक दिसायच्या. बैलाच्या मागे पिशवीत पिलू घेऊन उभे राहायला मुलांना संकोच वाटतो, वाटू नये. जंताचे औषध किती द्यावे, हे पिलाच्या वजनावर ठरते. आतड्यांचा एक भयंकर विषाणुरोग लहान पिलांना होतो, तो टाळणारी लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून देता येते. हा रोग लस देण्यापूर्वीच झाला, तर उत्तम शुश्रूषा करूनही पुष्कळ पिले वाचत नाहीत. तसे झाले तर पाळी करणाऱ्या मुलांनी आपले काही चुकले असे मनाला लावून घेऊ नये.

पिलू सुधारते आहे की नाही, हे डोळ्यांपेक्षा तराजू अचूक सांगतो. जन्मतः पिलाचे वजन १०० ग्रॅमच्या आसपास असते, आणि पुढे निरोगी पिलू आठवड्याला साधारण तेवढेच वाढते. रोज ठरावीक वेळी त्याचे वजन करावे आणि वहीत लिहावे. दोन दिवस आकडा हलला नाही किंवा खाली आला, तर दवाखान्यात जाण्यास तेवढे कारण पुरे.

मोठे झालेले पिलू अनेक घरी दूध-भाकरीवर ठेवतात. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते त्याला मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, असे १९७५ साली शास्त्रज्ञांना आढळले. हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली कळले. दूध-भाकरीवरची मांजरे तगतात ती बहुधा कणगीमागच्या उंदरांमुळे!

आजारी मांजर स्वतःला चाटणे सोडते. त्याचे केस पिंजारलेले दिसतात ते त्यामुळेच. मग आठ-दहा दिवसांनी, पाळीवर असलेले कोणी पहाटे बाटलीतील पाणी बदलण्यासाठी उठते आणि खोक्यात डोकावते. पिलू लुगड्याच्या घडीवर बसलेले असते. तोल जात असतो, तरी पुढचा पंजा उचलून ते तो चाटते, आणि ओला पंजा कानामागून पुढे ओढते.